उतरता येईल का?

रेल्वेच्या पहिल्या वर्गात दोनच बर्थचा जो छोटा कक्ष असतो, त्याला ‘कुपे’ म्हणतात. तो मिळाला की माणूस जरा ताठ चालतो. हा शब्द मूळचा फ्रेंच आणि त्याचा अर्थ ‘कापलेला’. घोड्यांच्या मोठ्या बंद बग्गीत समोरासमोर दोन बाकं असत. त्यांतलं एक कापून टाकलं की दोघांनीच बसायची आखूड, हलकी बग्गी उरे, ती कुपे. पुढे मोटारी आल्या आणि दोन दारांच्या, मागे उतरत्या छताच्या, चपळ गाडीला तेच नाव चिकटलं. दुसरा शब्द सेडान. सतराव्या शतकात इंग्लंडात ‘सेडान चेअर’ नावाचं एक वाहन होतं. बंद पेटीसारखी खुर्ची, तिला दोन दांडे, एक माणूस पुढे, एक मागे, आणि आत बसलेले कुणी श्रीमंत. आपल्याकडचा मेणाच म्हणा ना! आज चार दारांच्या, मागे वेगळी डिक्की असलेल्या घरगुती गाडीला आपण सेडान म्हणतो.

म्हणजे इंजिन बसायच्या कितीतरी आधी या दोन नावांनी आपापला स्वभाव सांगून ठेवला आहे. एका नावात कुणाची तरी जागा कापलेली आहे, दुसऱ्यात कुणाच्या तरी खांद्यावरचं ओझं आहे. दोन्हींपैकी एकही नाव सोवळं नाही. दोन दारांची गाडी म्हणजे चैन आणि चार दारांची म्हणजे संयम, असं एक सोपं गणित आपण सगळे मांडतो. ते मला पुरतं पटत नाही, म्हणून हा लेख.

आमच्या घरी हा विषय निघाला पुतण्यामुळे. तो हैदराबादला नोकरीला. लग्नाला दोन वर्षं झालीत, अजून मूलबाळ नाही. त्याला तिथे एक वापरलेली, परदेशी बनावटीची दोन दारांची गाडी आवडली होती. तेवढ्याच पैशांत एक नवी कोरी, ऐसपैस सेडान येत होती. दिवाळीला तो आदिलाबादला आला तेव्हा हा प्रश्न जेवणाच्या ताटांबरोबर मांडला गेला.

आमचा भाग सीमेवरचा. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर दक्षिणेला सुमारे ३०० किलोमीटरवर हैदराबाद, उत्तरेला सुमारे २०० किलोमीटरवर नागपूर. मोठी तपासणी असो, लग्नाचा बस्ता असो, कुठे तरी लांब जावंच लागतं. इथल्या मराठीत ‘बंडी’ म्हणजे बैलगाडी, आणि तेलुगूत ‘बंडी’ म्हणजे स्कूटरपासून मोटारीपर्यंत कुठलीही गाडी. त्यामुळे ‘बंडी घेतली का?’ असं कुणी विचारलं, तर विचारणारा कोण हे आधी बघावं लागतं. पण दोन्ही भाषांत एक गोष्ट सारखी: बंडी एकट्याची नसते. ती दारात उभी राहिली की शेजाऱ्यांचीही थोडी होते. अर्ध्या रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, तर आधी तिचीच आठवण येते.

म्हणून घरातला निकाल लगेच लागला. दीर म्हणाले, “कुटुंबाची गाडी घे. डिक्की मोठी, मागे तिघं आरामात, अ‍ॅव्हरेज चांगलं, विकताना किंमत येते.” जाऊबाई म्हणाल्या, “उद्या लेकरू झालं की त्याला काय टपावर बसवणार आहेस?” पुतण्या एवढंच म्हणाला, “मला ती आवडते. मोठी आई, तू सांग, आवडते म्हणून घेऊ नये का?”

आवडतं म्हणून घेतो, असं उघडपणे म्हणणारी माणसं कमी झाली आहेत. बाकीचे सगळे ‘मुलांसाठी’, ‘आईवडिलांसाठी’, ‘सुरक्षिततेसाठी’ घेतात. तेवढं म्हटलं की मग सनरूफ, चामड्याच्या सीटा, सगळ्यांत वरचं मॉडेल हे सगळं कुटुंबाच्या खात्यावर टाकता येतं. कुटुंब हा शब्द इतका मोठा आणि मऊ आहे की त्याखाली आपली कुठलीही हाव आरामात झोपते. दोन दारांच्या गाडीला ही सोय नाही. तिच्या मालकाला कारण सांगताना दुसऱ्या कुणाच्या आड उभं राहता येत नाही.

आपल्याकडे परिग्रहाची व्याख्या करताना आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात वस्तूंची यादी दिली नाही. त्यांनी एकच शब्द वापरला: मूर्च्छा. वस्तू हा परिग्रह नाही, वस्तूपायी भान हरपणं हा परिग्रह. या व्याख्येची जरब अशी, की तिच्यापुढे दारं मोजून सुटका होत नाही. चार दारांच्या गाडीला पहिला ओरखडा पडल्यावर ज्याचं जेवण जात नाही आणि जो शेजाऱ्याच्या पोराला ‘हात लावू नको’ म्हणून ओरडतो, त्याची मूर्च्छा कुटुंबाच्या नावानं कमी होत नाही.

मागच्या पिढीला हा पेच नव्हता. सोलापूरच्या जैन घराण्यातले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईत कुर्ल्याला मोटारी बनू लागल्या. तिथली फियाट पुढे ‘पद्मिनी’ झाली. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर. कित्येक वर्षं मध्यमवर्गाची निवड एवढ्यातच, आणि पैसे भरूनही नंबर लागायची वाट बघायची. एका गाडीत सहा जण बसत, शिवाय मांडीवर लेकरं. त्या दिवसांबद्दल बोलताना आमच्या पिढीच्या आवाजात एक अभिमान येतो, जणू आम्ही फार संयमी होतो. पण टंचाईला संयम म्हणू नये. मिळत नव्हतं म्हणून घेतलं नाही, यात व्रत कुठे आलं? १९८३ मध्ये मारुती आली, १९९१ नंतर बाजार उघडला, आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. बाहेरची मर्यादा गेली, आतली घालायची राहिली.

मर्यादा म्हणजे थोडं असणं, असाही एक गैरसमज आहे. श्वेतांबर आगमांतल्या उपासकदशांगात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. भगवान महावीरांपुढे त्यानं श्रावकाची व्रतं घेतली तेव्हा आपल्या मालमत्तेची हद्द ठरवली. त्यात वाहनंही होती: लांबच्या प्रवासासाठी ५०० गाडे आणि मालवाहतुकीसाठी आणखी ५००. मी हे सांगितल्यावर पुतण्या हसून म्हणाला, “मग मी एकच मागतोय!” खरंच आहे. आनंदाचा आकडा ऐकून आजचा कोट्यधीशही गप्प बसेल. पण कथा आकड्याची नाहीच. ज्याच्याकडे आणखी घेण्याची ताकद होती, त्यानं ‘इथपर्यंत, यापुढे नाही’ अशी रेघ स्वतः ओढली. रेघ किती लांबवर आहे याला महत्त्व आहेच, पण ती आधी ओढली की नंतर, याला जास्त आहे. गाडी बघून आल्यावर ओढलेली रेघ नेहमी त्या गाडीच्या पलीकडूनच जाते.

रेघ आधी असली की वस्तू तिच्यात बसवता येते, याचं उदाहरण गाड्यांच्या बाजारातच आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचा कर कमी झाला. लहान म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन ठरावीक क्षमतेचं. मग काय झालं? २०१२ मध्ये मारुतीची डिझायर ही सेडान नव्या रूपात आली तेव्हा तिची शेपटी आखूड करून लांबी ३९९५ मिलिमीटर केलेली होती. मर्यादेच्या आत, पाच मिलिमीटर राखून! डिक्की लहान झाली, गाडी दिसायला थोडी तुटक वाटली, पण लोकांनी ती भरभरून घेतली. कर वाचवायला कंपन्या अख्खी गाडी कापून बसवू शकतात. आपण मात्र मनाची इच्छा बोटभर कापायची म्हटलं की ‘एकदाच तर जगायचं असतं’ म्हणतो.

आता वेगाबद्दल. चपळ गाडीचं खरं आकर्षण तिच्या पिकअपमध्ये असतं. चार पदरी महामार्गावर मोटारीला कायद्यानं ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगानं गाडी एका सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. आपल्या मुनींना ईर्यासमिती सांगितली आहे: पुढची चार हात जमीन बघून पाऊल टाकायचं. ते चार हात ही गाडी सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात ओलांडते. काय बघणार आणि काय वाचवणार? आमच्या या रस्त्यानं विहार करणारे साधू-साध्वी कडेकडेनं चालतात. पौष अमावास्येच्या केसलापूरच्या नागोबा जत्रेआधी मेस्राम कुळातले गोंड बांधव गोदावरीचं पाणी आणायला पायी जातात. कापसाच्या दिवसांत भरलेल्या बंड्या असतात. आणि पावसाळ्याच्या रात्री गाडीच्या काचेवर जे चिकटतं, ते तर आपण फडक्यानं पुसून मोकळे होतो.

गृहस्थाला मुनीसारखं चालता येणार नाही, हे आचार्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच गृहस्थासाठी अनर्थदंडविरती सांगितली: ज्यातून काहीच साधत नाही, अशी हिंसा तरी टाळा. आईला नागपूरला तपासायला नेताना गाडी चालते, त्यात हिंसा आहेच, पण अर्थही आहे. रिकाम्या रस्त्यावर कुणाला तरी मागे टाकायचं म्हणून ताशी १५० ला नेली, त्यात नुसता अनर्थ. पण हा दोष गाडीवर लिहून मोकळं होता येत नाही. सेडानवालेही लग्नाची वेळ गाठायला तेवढीच पळवतात. दोन दारांच्या गाडीचा मोह एवढाच, की ती बनवतानाच पळवण्यासाठी बनवलेली असते. जी वस्तू रोज कानात ‘चल’ म्हणते, ती घेताना आपण तिला रोज ‘नाही’ म्हणू शकू का, हे विचारावं.

घरचे ज्याला मुख्य मुद्दा समजत होते तो जागेचा. श्रावकाच्या बारा व्रतांत अतिथिसंविभाग आहे. जे आहे त्यातला वाटा न सांगता आलेल्यासाठी ठेवायचा. मूळ अर्थ मुनींच्या आहाराचा, पण आमच्या घरांत तो पाहुण्यासाठी जास्तीची भाकरी टाकण्यापर्यंत येऊन पोचला. गाडीतली पाचवी जागा ही तशीच जास्तीची भाकरी आहे. दोन दारांच्या गाडीत ती मुळातच कापलेली असते. मागे जागा असली तरी पुढची सीट दुमडून, अंग चोरून आत शिरावं लागतं, आणि ज्याला खरंच गाडीची गरज असते, त्या आजाऱ्याला, गरोदर बाईला, म्हाताऱ्या माणसाला नेमकं तेच जमत नाही.

इथे मी सेडानच्या बाजूनं बोलते आहे असं वाटेल. थोडं थांबा. पुतण्याची गाडी राहणार हैदराबादला, इमारतीच्या तळघरात. आदिलाबादच्या घरी जुनी का होईना, चार दारांची गाडी आहे. त्याच्या ऐसपैस सेडानमध्ये आठवड्याचे सहा दिवस तो एकटा ऑफिसला जाईल आणि चार जागा हवा खात जातील. म्हणजे त्या जागा त्यानंही कापल्याच, फक्त लोखंड तसंच ठेवून. चार दारांचं पुण्य दारांत नसतं, ती दुसऱ्यासाठी उघडण्यात असतं. ज्या घरात एकच गाडी असणार, तिथे माझं मत स्पष्ट आहे. चार दारांचीच घ्यावी, कारण तिथे आपल्या आवडीसाठी कापलेली जागा दुसऱ्याच्या वाट्याची असते. पण सगळ्यांना एकच नियम लावून, ‘कुटुंबाची गाडी घेतली’ म्हणून कुणाला शाबासकी द्यायला मी तयार नाही.

‘मग तुझंही खरं, त्यांचंही खरं, हाच का अनेकान्त?’ असं पुतण्यानं विचारलं. नाही. अनेकान्त म्हणजे सगळ्यांना होकार देऊन हात धुणं नव्हे. प्रत्येक म्हणणं कोणत्या बाजूनं आणि कुठपर्यंत खरं, ते मोजायचं असतं. त्याची आवड खरी, ती त्याच्या पैशापर्यंत आणि त्याच्या रस्त्यापर्यंत. दिरांचा हिशेब खरा, तो मागच्या सीटवर कुणी बसेल तिथपर्यंत. मोजायला मात्र एखादं माप हवं.

ते माप सासूबाईंनी दिलं. त्या तेव्हा कोपऱ्यात बसून वाती वळत होत्या. दोन्ही गुडघे दुखरे. नातवानं त्यांना मोबाइलवर दोन्ही गाड्यांचे फोटो दाखवले. दोन दारांची बुटकी गाडी त्यांनी बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, “बसेन रे कशीतरी. पण यातून उतरता येईल का?”

त्यांना गुडघ्यांचंच म्हणायचं होतं. खोल, जमिनीलगतच्या सीटवर माणूस धपकन बसू शकतो, उठताना पंचाईत होते. पण मला तेव्हापासून दुसरं माप सुचलेलं नाही. परिग्रहात बसणं सोपं असतं. शोरूममध्ये खुर्ची देतात, चहा देतात, किल्ली हातात देताना पेढेही देतात. सात वर्षांचा हप्ता लागला की नोकरी आवडो न आवडो, सोडता येत नाही. गाडी लावायला जागा नाही म्हणून बहिणीकडे जाणं टळतं. लोक काय म्हणतील म्हणून पुढची गाडी याहून लहान घेता येत नाही. हे सगळं कुपेलाही लागू आणि सेडानलाही. जिच्यातून उतरता येत नाही ती गाडी मूर्च्छेची, मग तिला दारं कितीही असोत.

उतरण्याची सवय करायला आपल्याकडे एक सोपा उपाय सांगितलेला आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगाची मर्यादा सांगताना भोजनाच्या खालोखाल वाहनाचं नाव आहे. आणि त्याग जन्मभराचाच हवा असा आग्रह नाही. जन्मभराचा तो यम, ठरावीक काळाचा तो नियम. एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, सहा महिने, कितीही. पुतण्याला मी गाडी कुठली घ्यावी हे सांगितलं नाही. हे सांगितलं. त्यानं सहा महिने कुठलीच गाडी घ्यायची नाही, असा नियम स्वतःहून केला. आधी आकडा लिहून ठेवला: हप्ता पगाराच्या किती हिश्श्यापलीकडे जाऊ द्यायचा नाही, तो किती वर्षांचा, मागच्या सीटवर खरोखर कोण बसणार. हे लिहिते आहे तेव्हा चार महिने सरले आहेत. तो मेट्रोनं ऑफिसला जातो, कृष्णा एक्सप्रेसनं घरी येतो. सहा महिन्यांनंतरही त्याला दोन दारांचीच हवीशी वाटली, रेघेच्या आत बसली आणि तिला हळू चालवण्याची त्याची तयारी असली, तर मी त्याच्याशेजारी बसून जैनाथपर्यंत चक्कर मारून येईन. घरातल्या कुणी नाक मुरडलं तरी.

आपल्या परंपरेतलं सगळ्यांत प्रसिद्ध वाहन म्हणजे नेमिनाथांचा रथ. राजुलशी लग्न लावायला निघालेला वरातीचा रथ, त्याला कसली कमी असणार? वाटेत मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश त्यांच्या कानी आला आणि रथ तिथूनच फिरला. नेमिकुमार गिरनारकडे गेले. तो रथ किती वेगवान होता, त्याला किती घोडे होते, आत किती जण बसत, हे विचारायचं आजवर कुणाला सुचलं नाही. एवढंच लक्षात राहिलं, की त्यात बसलेल्याला बाहेरचा आवाज ऐकू आला आणि त्याला थांबता आलं.

आपण कुणी नेमिनाथ नाही. आपल्याला गाडी लागते, हप्ते लागतात, डिक्कीत कापसाच्या गाद्याही कोंबाव्या लागतात. पण काच वर केल्यावरही बाहेरचं थोडं ऐकू यावं आणि वेळ आली तर आधाराशिवाय उतरता यावं, एवढी गाडी निवडणं गृहस्थाच्या हातातलं आहे. किल्ली घेण्याआधी ते स्वतःला विचारावं. नंतर विचारलं तर उत्तर गाडीच देते.